मातकट रंगाचं टाचण

व्हिडिओत ती बाई कधीच दिसायची नाही. दिसायचे फक्त तिचे हात. बदामी रंगाची नखं, बोटात नाजूक अंगठी, समोर लाकडी टेबल, टेबलावर कॉफीचा कप, कपाशेजारी वाळलेली फुलं आणि मधोमध उघडा ठेवलेला प्लॅनर. मागे कुठेतरी पियानो वाजत असायचा. ती एक कागदी टेप हळूच फाडायची, पानाच्या कडेला लावायची, बोटानं दाबायची आणि सांगायची, एकच शैली निवडा, तीन रंग ठरवा, त्यांच्या बाहेर जाऊ नका. तुमचा आठवडा एका नजरेत शांत दिसला पाहिजे.

माझा आठवडा शांत दिसावा असं मला फार वाटलं. शांत असावा ही अपेक्षा मी लग्नानंतर सोडून दिली होती. निदान दिसावा.

मी वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. तालुक्याचं नाव आता कागदोपत्री बदललं आहे, पण एसटीचा कंडक्टर अजून 'वेल्हे, वेल्हे' असंच ओरडतो, म्हणून मीही तेच म्हणते. राहते मात्र भोरला. सकाळी डबे भरायचे, स्कूटर काढायची, कापूरहोळपासून हायवेच्या ट्रकांशी भांडायचं आणि मग नसरापूरवरून डोंगराच्या दिशेनं वळायचं. नवऱ्याचं कापूरहोळला गाड्यांच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. घरी सासूबाई आणि तेव्हा सासरेही होते. अशा आठवड्याला शैली द्यायची होती.

प्लॅनर मी मोबाईलवरून मागवला. सोबत 'वाशी टेप' म्हणतात त्या कागदी टेपच्या गुंडाळ्या, स्टिकरची पाकिटं आणि तीन पेनं. रंग ठरवले बेज, तपकिरी आणि ऑलिव्ह. पार्सल उघडलं तेव्हा सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी एक पान चिमटीत धरून उजेडाकडे केलं.

"ह्ये मळलंय का गं?"

"नाही आई, रंगच तसा आहे."

"म्हंजी मळका इकत आनला?"

त्या पुन्हा लसणाकडे वळल्या. विषय त्यांच्यापुरता संपला होता.

रविवारी दुपारी जेवणं उरकली, भांडी झाली की मी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पुसून घ्यायची आणि बसायची. व्हिडिओतल्या बाईकडे लव्हेंडर होतं, माझ्याकडे भाताच्या बांधावरचं वाळलेलं गवत होतं. ते मी पुस्तकात दाबून चपटं केलं आणि पानाच्या कोपऱ्यात चिकटवलं. खरं सांगते, तो अर्धा तास फार चांगला जायचा. त्या वेळात मला कुणी काही मागायचं नाही, कारण मी नेमकं काय करते आहे हे घरात कुणालाच कळत नव्हतं आणि विचारायला सगळे थोडे घाबरत होते.

अडचण मजकुराची होती. व्हिडिओतल्या बाईच्या आठवड्यात 'वाचन', 'योगा', 'मैत्रिणीबरोबर जेवण' असं काहीबाही असायचं. माझ्या आठवड्यात 'गॅस', 'आईंची कवळी', 'मतदार यादीचं काम' आणि 'पोषण आहाराचा तांदूळ, किडे' असं असायचं. किडे हा शब्द कितीही नाजूक अक्षरात ऑलिव्ह रंगाच्या पेनानं लिहिला तरी किडेच राहतो. मग मी शैलीला न शोभणारी कामं बारीक लिहायला लागले, मग फिकट लिहायला लागले. गॅसचा नंबर लावायचा होता तो दिवस मी बेज कागदावर बेज पेनानं लिहिला. सिलेंडर संपला तेव्हा नवऱ्यानं प्लॅनर हातात घेऊन पानं उलटली.

"लई भारी चिकटवलंय," तो म्हणाला. "पर गॅस कुठं लिवलाय?"

मी बोट दाखवलं. त्यानं डोळे बारीक केले, पान तिरकं केलं, मोबाईलची बॅटरी लावली.

"हितं? हितं तर काईच न्हाई."

"आहे. शांत दिसावं म्हणून फिकट लिहिलंय."

"लई शांत हाय," तो म्हणाला आणि शेजारून सिलेंडर आणायला गेला.

भातलावणीच्या दिवसांत सासरे, आमचे आबा, गेले. बरेच दिवस अंथरुणाला होते, त्यामुळे धक्का असा नाही, पण घर एकदम रिकामं झालं. त्या घरात माझ्याशी सगळ्यात कमी बोललेला आणि मला सगळ्यात कमी त्रास दिलेला माणूस तोच होता. येणारे-जाणारे, भटजी, सामान, कुणाला कळवायचं, सगळं मी प्लॅनरमध्येच लिहीत होते. दहाव्याचा दिवस लिहिला आणि सवयीनं स्टिकरचं पाकीट काढलं. त्यात केक होता, फुगे होते, विमान होतं, झोपलेलं मांजर होतं, समुद्रकिनाऱ्यावरची छत्री होती. ज्यांनी ही पाकिटं बनवली त्यांच्याकडे कुणी मरत नसावं. पण चौकट मोकळी ठेवली तर पानाचा तोल जात होता. शेवटी मी कॉफीचा कप लावला. सासरे आयुष्यभर चहा पीत आले, पण रंग जुळत होता. लावल्यावर मी बराच वेळ त्या कपाकडे बघत बसले. मला रडू आलं, आणि त्याच वेळी हेही दिसलं की कप जरा डावीकडे सरकला आहे.

सुतक संपल्यावर मी शाळेत रुजू झाले. आमची शाळा दोन शिक्षकांची. एक मी आणि दुसरे गुरुजी, जे निवृत्तीला टेकले होते. शिक्षकाला रोज काय शिकवणार हे आधी लिहून ठेवावं लागतं, त्याला आमच्याकडे टाचण म्हणतात. गुरुजी दर वर्षी मागच्या वर्षीचं टाचण बघून नवीन वहीत उतरवून काढायचे. त्या टाचणात कुठल्या तरी जुन्या वर्षाची एक नोंद होती, 'पाऊस पडल्याने सहल रद्द', तीही दर वर्षी इमानानं उतरवली जायची.

अशात आमचे केंद्रप्रमुख भेटीला आले. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे हे साहेब त्या काळात फार बेचैन होते. त्यांना वरून एक नवोपक्रम मागितला होता. शेजारच्या केंद्रानं परसबाग केली होती आणि तिथल्या साहेबांचा दुधी भोपळा हातात घेतलेला फोटो पेपरात आला होता. आमच्या साहेबांना भोपळा सापडत नव्हता. त्यांनी हजेरीपट उचलला, त्याखाली माझा प्लॅनर निघाला.

"हे टाचण आहे?"

"नाही साहेब, तो माझा खाजगी आहे."

"मॅडम, आपण शासनाचे सेवक. आपल्याला खाजगी असं काही नसतं," ते म्हणाले आणि पानं उलटायला लागले. उलटताना त्यांचा चेहरा उजळत गेला. "बघा गुरुजी, बघा! सगळ्या पानांना एक शिस्त आहे. हे बघूनच मन प्रसन्न होतं. असं टाचण असलं तर शिकवायला किती हुरूप येईल!"

गुरुजींनी वाकून बघितलं. "मांजर झोपलेलं हाय त्यात," ते म्हणाले.

साहेबांनी मोबाईल काढला आणि भराभर फोटो घेतले. मला वाटलं, एक-दोन नमुन्याला घेत असतील. संध्याकाळी भोरला पोचून भाजी निवडत असताना केंद्राच्या ग्रुपवर ते फोटो आले. वर साहेबांनी लिहिलं होतं, 'सजलं टाचण, फुललं शिक्षण! आपल्या केंद्राचा अभिनव उपक्रम.' सगळ्यात पहिला फोटो दहाव्याच्या पानाचा होता. 'आबांचा दहावा, सकाळी, नदीवर' आणि शेजारी कॉफीचा कप. त्याखाली अंगठे यायला लागले. मग फुलांचे गुच्छ. मग 'खूप छान मॅडम', 'प्रेरणादायी', 'हार्दिक अभिनंदन'. एका शिक्षकानं लिहिलं, 'असेच उपक्रम वारंवार व्हावेत.'

मी मोबाईल पालथा घातला. सासूबाईंनी विचारलं, "कुनाचा फोन?"

"शाळेचा," मी म्हटलं. "सगळे आबांची आठवण काढतायत."

"चांगली मानसं हायेत," त्या म्हणाल्या.

पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, मला गुलाबाचं फूल देऊन तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून उभं केलं. मी टेप कशी फाडायची, चौकटी कशा आखायच्या ते दाखवलं. समोर पन्नाशीचे पुरुष मास्तर मांडीवर वह्या ठेवून बसले होते. मग साहेब उठले आणि म्हणाले, संपूर्ण केंद्राची एकच शैली हवी, एकच रंग हवा, नाहीतर उपक्रमाला अर्थ नाही. आता रंग ठरवू या.

हे त्यांनी विचारायला नको होतं. कुणीतरी भगवा सुचवला. लगेच मागून आवाज आला की निवडणुका तोंडावर आहेत, उगाच तक्रार नको. कुणीतरी हिरवा म्हणालं. त्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हिरवा गेला. निळा आला, तोही एका बाजूचा वाटेल म्हणून गेला. गुलाबीला पुरुषांनी हात वर करून विरोध केला. मी भीत भीत म्हटलं, "माझा बेज आहे."

"बेज म्हणजे?"

"म्हणजे… मातकट."

मातकट रंगाला कुणाचाच विरोध नव्हता. तो कुठल्याही पक्षाचा नव्हता, कुठल्याही देवाचा नव्हता आणि तसाही सगळ्यांच्या बुटांवर होताच. माझा ऑलिव्ह हिरव्याचा भाऊ म्हणून बाद झाला. तीन रंग तर हवेतच, म्हणून ठरलं की मातकट, फिकट मातकट आणि गडद मातकट. तसं लेखी पत्रच निघालं.

भोरच्या बाजारपेठेतल्या स्टेशनरीवाल्यानं ते पत्र कुठून तरी मिळवलं आणि दुकानात मातकट टेपचा ढीग लावला. तो तिला वॉशिंग टेप म्हणायचा. "मॅडम, मास्तर लोकांची वॉशिंग टेप आलीय," तो मला भर रस्त्यात ओरडून सांगायचा. केंद्रातल्या शिक्षिका मला फोन करून विचारायच्या, भागाकाराच्या पानावर कुठलं स्टिकर शोभेल. पुरुष फोन करत नव्हते. त्यांच्या बायका करत होत्या, कारण टेप त्याच लावत होत्या. एका मास्तरांच्या बायकोनं मला थेट सांगितलं, "तुमचं चांगलं चाललंय, आमच्या दुपारी गेल्या." माझीही दुपार गेलीच होती. रविवारी टेबलाशी बसायचे ती आता साहेबांनी दिलेल्या नमुन्याप्रमाणे नमुना पानं करायला. टेप तीच, हात तेच, पण कोपरा एक सेंटिमीटर सोडून लावावा अशी सूचना आली की मजा निघून जाते. वर्गातही दुपारनंतर कात्री आणि डिंक निघायचा. मुलांचे हात माझ्यापेक्षा चपळ, त्यामुळे पानं झटपट व्हायची आणि धडे हळूहळू.

गुरुजी सगळं नुसतं बघत होते. मी एकदा म्हटलं, "सर, तुमचं टाचण राहिलंय."

"करतो की," ते म्हणाले. "घरी सामान लई हाय."

सोमवारी त्यांनी वही आणली. त्यांच्या घरी जमा झालेल्या सगळ्या लग्नपत्रिका त्यांनी कापल्या होत्या. पहिल्या पानावर गणपती, दुसऱ्यावर गणपती, पुढे कलश, सनई, डोली, पुन्हा गणपती. बेरजेच्या पाठावर नवरा-नवरी. वजाबाकीच्या पाठावर डोली उचलून नेणारे भोई. आणि 'पाऊस पडल्याने सहल रद्द' याच्या शेजारी, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!'

"सर, हे काय?"

"शैली एकसारखी पायजे म्हनले ना? घ्या. पहिल्या पानापास्नं शेवटापतूर लगीन."

"पण रंग मातकट हवा होता."

"पत्रिका जुन्या हायेत मॅडम. पडल्यात मातकट."

बघितलं तर खरंच पडल्या होत्या. मला राग आला तो त्याचाच. मी महिनोन्‌महिने ज्या रंगाच्या मागे होते तो त्यांच्या माळ्यावर आपोआप तयार झाला होता.

जिल्ह्याहून एक मोठ्या मॅडम उपक्रम बघायला येणार असं कळलं. आमची शाळा रस्त्यावरची, म्हणून आधी आमच्याकडे. साहेब गाडीबरोबर पळत आले. मॅडमनी वर्गात मुलांना बसवलं आणि तिसरीतल्या एका मुलीला प्रेमानं विचारलं, "तुमच्या बाई काय शिकवतात?"

मुलीनं क्षणभर विचार केला. "चिकटवायला," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हे सगळं संपेल, मला नोटीस मिळेल आणि एका अर्थी सुटका होईल. मॅडम मुलीकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे चमकले.

"कार्यानुभव!" त्या म्हणाल्या. "टाचणातूनच कार्यानुभव. हे मी कुठेच पाहिलं नाही." आणि शेरेबुकात त्यांनी तसं लिहून खाली लफ्फेदार सही केली. साहेब मागे उभे राहून मान डोलवत होते, जणू हे त्यांनी आधीपासूनच योजलं होतं. मुलीला मॅडमनी चॉकलेट दिलं. तिला धडा वाचून दाखव असं कुणी म्हटलं नाही, आणि मी मनातल्या मनात त्याबद्दल हात जोडले.

दिवाळीच्या सुट्टीआधी भोरला एका सभागृहात टाचणांचं प्रदर्शन भरलं. लांब टेबलांवर मातकट वह्यांच्या रांगा. दुरून बघितलं तर विटांची भट्टी उघडल्यासारखं दिसत होतं. बक्षीस होतं, आणि परीक्षक म्हणून हायस्कूलचे चित्रकलेचे एक शिक्षक होते. मी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. उपक्रम माझा, शैली माझी, केंद्राला मार्गदर्शन माझं. भाषणात काय म्हणायचं तेही जुळवून ठेवलं होतं. प्लॅनरमध्येच, नीट चौकटीत.

परीक्षक माझी वही हातात घेऊन उभे राहिले. "काम स्वच्छ आहे," ते म्हणाले, "पण रंगसंगती फार उदास वाटते. कुठेतरी थोडा लाल हवा होता." मग त्यांनी गुरुजींची वही उचलली. "हे बघा. स्थानिक साधनं, लोकसंस्कृती, टाकाऊतून टिकाऊ. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एक कल्पना."

पहिला क्रमांक गुरुजींना मिळाला. मला सहभागाचं प्रमाणपत्र. माईकवर बोलायला सांगितलं तेव्हा गुरुजी एवढंच म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी आमाला लग्नाला बोलावलं, त्या सगळ्यांचा आभारी हाय." सभागृह हसलं. मोठ्या मॅडम सगळ्यात जास्त हसल्या. मीही हसले, पण माझे दात एकमेकांवर घट्ट होते. खाली आल्यावर गुरुजी माझ्याशेजारी बसले आणि पेढा पुढे केला.

"राग आला का मॅडम?"

"नाही सर."

"आलाय की. येऊ द्या. मला बी नवल वाटतंय. म्या तर चिडवायला केलं व्हतं."

"कुणाला?"

"साहेबांना. त्यांना कळलंच न्हाई." त्यांनी पेढा स्वतःच खाल्ला. "ह्या खात्यात माणसाला चिडवता बी येत न्हाई. लगीच बक्षीस देत्यात."

त्यावर मात्र मला खरंच हसू आलं. समोर साहेब मोठ्या मॅडमबरोबर फोटो काढून घेत होते, हातात गुरुजींची वही धरून, अगदी भोपळ्यासारखी.

तो फोटो पेपरात आला. गुरुजी आणि मी त्यात नव्हतो.

जूनमध्ये गुरुजी निवृत्त झाले आणि नवीन पत्र आलं. कागदावरचं टाचण बंद, यापुढे टाचण मोबाईलच्या अ‍ॅपवर भरायचं. वह्या परत नेण्याच्या सूचना आल्या. काहींनी नेल्या, काहींच्या केंद्रशाळेच्या कपाटात पडून राहिल्या आणि पावसात फुगल्या. स्टेशनरीवाल्याकडे टेप शिल्लक राहिली, ती त्यानं राखीपौर्णिमेला राख्यांच्या पाकिटांना लावून संपवली. अ‍ॅपवर सजावटीला जागा नाही. एक चौकोन आहे, त्यात विषय, पाठ आणि तारीख भरायची. अ‍ॅप शाळेच्या आसपासच चालतं आणि आमच्या वाडीवर रेंज नाही, म्हणून शनिवारी शाळा सुटली की मी नव्या जोडीदार शिक्षिकेबरोबर शाळेमागच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, चढते. तिथे कातळावर उभं राहिलं की तोरण्याच्या बाजूनं दोन काड्या रेंज येते. आठवड्याचं टाचण चढवून आम्ही खाली उतरतो. ती तरुण आहे, तिला सजावटीचा इतिहास माहीत नाही. मी सांगितलेला नाही.

परवा भोरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते आणि साहेबांचा फोन आला. त्यांची बढती होणार आहे असं ऐकलं होतं, म्हणून उचलला.

"मॅडम," ते उत्साहानं म्हणाले, "एक कल्पना सुचलीय. शाळांच्या भिंती. सगळ्या केंद्राच्या भिंती एका शैलीत. रंगांचं तुम्ही बघायचं."

"हॅलो?" मी म्हटलं.

"भिंती, मॅडम, भिंती!"

"साहेब, आवाज येत नाही. मी डोंगरात आहे."

भाजीवाल्या मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. मागे एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा चालू होती, ती साहेबांनाही ऐकू गेली असणार. मी फोन पिशवीत टाकला. मावशी म्हणाल्या, "ह्यो कसला डोंगार?" मी म्हटलं, "मोठा आहे मावशी. दोन जुड्या द्या."